नागपुरात लागलेल्या ‘बोगद्या’च्या मत्स्यप्रदर्शनाचे पैसे वसूल होतात का?

तुम्ही विचारलंय, माणशी दीडशे रुपये तिकीट आहे, दोन लहान पोरं आहेत, चौघांचे सहाशे घालवावे का? माझं उत्तर: जा, पण रविवारी जाऊ नका.

मागच्या उन्हाळ्यात असंच एक प्रदर्शन लागलं होतं. भाचीला घेऊन रविवारी संध्याकाळी गेलो. माशांच्या टाकीखालून जाणाऱ्या पारदर्शक बोगद्यात मागून रेटा, पुढे सेल्फीवाले. सात-आठ मिनिटांत बाहेर. पोरगी रडकुंडीला आली. मग बुधवारी दुपारी पुन्हा नेलं आणि तेवढ्याच पैशात पाऊण तास निवांत बघितलं.

बहुतेक टाक्या गोड्या पाण्याच्या असतात. अरोवाना, ऑस्कर, कोई, लांब थोबाडाचा अलिगेटर गार. हे पोरांना आवडतातच. पण खाऱ्या पाण्याची टाकी असली तर तिथे जास्त वेळ थांबा. आपल्या नागपुरात समुद्र आणायचा म्हणजे लिटरमागे साधारण 35 ग्रॅम खास मीठ विरघळवावं लागतं, म्हणून अशी टाकी ठेवणं महागात पडतं. तिच्यात नारिंगी-पांढरे क्लाउनफिश असले तर पोरांना जोडी दाखवा: मोठी ती मादी, लहान तो नर. मादी मेली की तोच नर पुढे मादी होतो. माझी भाची हे आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरत होती. खिडकीवरच विचारा, खाऱ्या पाण्याची टाकी आहे का. नसेल तर दीडशे मला जास्त वाटतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. कोईच्या टाकीत सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते, कल्ले भराभर हलत होते. भाची म्हणाली, “मामा, हे काही मागून राहिले का?” ते श्वासासाठी धडपडत होते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. शिवाय माशांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया सुटतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, आणि ते प्रदर्शन तर चार दिवसांपूर्वीच उभं राहिलं होतं. तिथल्या पोऱ्याला दाखवलं, तर त्याने लगेच हवेचा दुसरा पंप लावला. तुम्हालाही असं दिसलं तर जरूर सांगा, संकोच करू नका.

बाहेर पडताना पिशवीतला गोल्डफिश आणि काचेचा वाडगा विकायला असतो. पोरं हट्ट करतील, तरी घेऊ नका. वाडग्यात ना फिल्टर, ना पुरेसं पाणी. बरेचसे लवकरच मरतात. आधीच घेऊन बसला असाल तर निदान फुटाळा किंवा अंबाझरी तलावात नेऊन सोडू नका. माशांच्या दुकानदाराला परत द्या, बरेच जण ठेवून घेतात.