मुलगी नववीपासून इंटरनॅशनल शाळेत जाणारे, टर्म सुरू होताना नेमकं काय काय होतं? आधीच ट्यूशन लावून ठेवू का?

ट्यूशनचं आधी सांगून टाकते, नका लावू. निदान पहिली टर्म तरी नकोच, का ते पुढे येईलच.

मी अशा शाळेत नऊ वर्षं सायन्स शिकवतेय आणि त्यातली सहा वर्षं होमरूम टीचर आहे. म्हणजे सकाळची हजेरी, हरवलेलं आयडी कार्ड, रडून लाल झालेले डोळे, सगळं आधी माझ्याकडे येतं. तुम्ही लिहिलंय की मुलगी आत्तापर्यंत एकाच शाळेत होती, पहिल्या पाचात असायची, इंग्लिश वाचता-लिहिता छान येतं पण बोलायला बुजते, आणि तुम्हाला पहिल्या दिवसाचं टेन्शन आलंय. पहिल्या दिवसाचं खरंच टेन्शन घेऊ नका हो, तो दिवस शाळाच सांभाळते. तुम्ही तिसऱ्या आठवड्यासाठी रजा राखून ठेवा.

पहिला दिवस सगळीकडे साधारण सारखाच असतो. ओरिएंटेशन, शाळा फिरवून दाखवणं, एक बडी म्हणजे त्याच वर्गातला जुना विद्यार्थी सोबत देणं, लॅपटॉपचं लॉगिन, आणि मग गोल करून बसवून ओळखीचे खेळ, आपल्याबद्दल दोन खऱ्या गोष्टी सांगा आणि एक खोटी वगैरे (मला स्वतःला हा प्रकार अजिबात आवडत नाही, बुजऱ्या मुलांचा जीव जातो, पण दरवर्षी घ्यावाच लागतो). शिकवणं असं त्या दिवशी काही नसतं. मुलं घरी येऊन सांगतात मस्त आहे शाळा, आईबाबा निर्धास्त.

छळ बारीकसारीक गोष्टींचा असतो. लॉकरचंच घ्या. बऱ्याच शाळांत आकड्यांचं गोल कुलूप असतं, उजवीकडे तीन वेढे देऊन पहिल्या आकड्यावर थांबायचं, मग डावीकडे एक पूर्ण वेढा घालून दुसऱ्यावर, मग परत उजवीकडे सरळ तिसऱ्यावर, जरा पुढे गेलं की पहिल्यापासून सुरू, आणि दोन तासांच्या मध्ये वेळ असतो जेमतेम पाच मिनिटं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, नवीन, तिचं दप्तर इतकं फुगलेलं असायचं की ती थोडी पुढे झुकूनच चालायची. मी विचारलं एवढं सगळं रोज कशाला आणतेस, तर म्हणाली मला सवय आहे मिस. नवव्या दिवशी कळलं की तिनं लॉकर एकदाही उघडला नव्हता. पहिल्या दिवशी दोनदा प्रयत्न केला, शेजारची मुलं बघतायत असं वाटलं, सोडून दिला. आम्ही दोघींनी शाळा सुटल्यावर रिकाम्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून सात-आठ वेळा उघडबंद केलं तेव्हा कुठे जमलं.

दुसरं टाइमटेबल. पुष्कळ शाळांत सोमवार-मंगळवार असं नसतंच, डे वन ते डे सिक्स किंवा डे एट असं फिरतं चक्र असतं. मध्ये सुट्टी आली की चक्र पुढे सरकतं, म्हणजे या सोमवारी पहिला तास मॅथ्स असेल तर पुढच्या सोमवारी आर्ट असू शकतो. हुशार मुलंसुद्धा पहिले दोन आठवडे चुकीच्या वर्गात जाऊन बसतात. घरी एका कागदावर तारखेपुढे डे नंबर लिहून लावून ठेवा, एवढ्यानं निम्मं काम होतं.

आणि हो, नववी म्हणजे नक्की काय ते शाळेला नीट विचारून घ्या. ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत इयर टेन म्हणतात तेच साधारण दुसरीकडे ग्रेड नाइन असतं, आणि इयर टेन-इलेव्हन म्हणजे आयजीसीएसई, ब्रिटिश पद्धतीची आपल्या दहावीसारखी परीक्षा, ते वेगळं प्रकरण आहे. तुम्ही आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, देशोदेशी चालणारा अभ्यासक्रम) म्हटलंय म्हणून मी एमवायपी, म्हणजे त्याचा मधल्या वर्षांचा टप्पा, धरून चालते. एमवायपी पाच वर्षांचा, साधारण ११ ते १६ वयाचा, ग्रेड सिक्सपासून सुरू होत असेल तर तुमची मुलगी त्याच्या चौथ्या वर्षात शिरणार.

आता मार्कांचं, कारण पहिल्या पाचात असणाऱ्या मुलांना खरा दणका इथे बसतो. इथे शंभरपैकी किती हा प्रश्नच नसतो. प्रत्येक विषयाचे चार निकष, ए बी सी डी, प्रत्येकी ८ पैकी. माझ्या सायन्समध्ये ए म्हणजे ज्ञान आणि समज, बी म्हणजे स्वतः प्रश्न काढून प्रयोग आखणं, सी म्हणजे आलेल्या आकड्यांचं काय करता ते आणि प्रयोगातल्या उणिवा शोधणं, डी म्हणजे त्या विज्ञानाचा जगावर काय परिणाम होतो त्याचा विचार. चौघांची बेरीज ३२ पैकी, आणि त्यावरून १ ते ७ मधली ग्रेड. समजा ए मध्ये ६ मिळाले, बी मध्ये ४, सी मध्ये ५, डी मध्ये ५, तर झाले २० आणि ग्रेड ५. नवीन आलेल्या मुलीला ही चांगली सुरुवात आहे. पण तिला काय दिसतं, ८ पैकी ४, म्हणजे पन्नास टक्के, म्हणजे आपण ढ. मी हे दरवर्षी बघते. पहिला पेपर हातात देताना मी वर्गात ओरडून सांगते की याचे टक्के काढू नका, आणि मागच्या बाकावर कोणीतरी कॅल्क्युलेटर काढलेलाच असतो.

बहुतेक वेळा बी मध्येच मार्क जातात. बाकी सगळं पाठ करून जमतं, पण ‘तुला काय तपासायचंय ते तूच ठरव’ म्हटलं की मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. ट्यूशन नको म्हणते ते अर्धं यासाठी, बाहेरचा शिक्षक तयार उत्तर देतो आणि इथे मार्क प्रश्न काढण्याला आहेत. उरलेलं अर्धं कारण जास्त महत्त्वाचं आहे. शाळेनंतरच्या क्लबांची नावनोंदणी बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच होते, नाटक, रोबोटिक्स, बास्केटबॉल, इयरबुक, काय वाट्टेल ते. मैत्री वर्गात होत नाही हो, वर्गात सगळे एकमेकांकडे नुसते बघत असतात, मैत्री होते ती नाटकाचा सेट रंगवताना. तेव्हाच जर ती ट्यूशनला पळत असेल तर क्लब गेला, आणि पुढच्या नोंदणीपर्यंत जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत बसणं आलं.

आता तिसऱ्या आठवड्याबद्दल. तोपर्यंत बडीची ड्यूटी संपलेली असते, तो त्याच्या मित्रांत परत गेलेला असतो. पहिले मार्क आलेले असतात. नवीनपणाचं कौतुक संपतं, शिक्षकही आता ‘तू नवीन आहेस ना’ म्हणून सोडत नाहीत, आणि जेवायला कुठे बसायचं हे बाकी सगळ्यांचं ठरून गेलेलं असतं. पहिल्या आठवड्यात हसत येणारं पोर याच सुमाराला एकदम गप्प होतं, पोट दुखतंय म्हणतं, जुन्या शाळेतल्या मैत्रिणींशी तासन्‌तास फोनवर असतं. घाबरू नका आणि ‘मग आधीचीच शाळा बरी होती का’ असं तर चुकूनही म्हणू नका. एक दिवस लवकर घरी या, सोबत बसा, बास. विचारायचंच असेल तर ‘मैत्रिणी झाल्या का’ विचारू नका, तो परीक्षेचा प्रश्न वाटतो. ‘आज सायन्सला शेजारी कोण होतं’ एवढं पुरे.

तिला एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा, जी शाळेच्या माहितीपत्रकात कोणी लिहित नाही. या शाळांत टर्मच्या सुरुवातीला जुनी मुलंसुद्धा एकटी पडलेली असतात. हे या शाळांच्या जन्मापासूनच आहे. जिनिव्हाची इंटरनॅशनल स्कूल १९२४ साली निघाली ती राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम करायला देशोदेशींहून आलेल्या लोकांच्या मुलांसाठी, आणि पुढे १९६८ मध्ये आयबी सुरू झालं तेही मुख्यतः अशा फिरत्या मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात चालेल असं एक सर्टिफिकेट मिळावं म्हणून. आईबाबांची बदली झाली की मूल गेलं. त्यामुळे दर उन्हाळ्यात कोणाची ना कोणाची जिवलग मैत्रीण दुसऱ्या देशात गेलेली असते आणि टर्म सुरू होते तेव्हा तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. माझ्या मागच्या वर्गात चार वर्षं एकमेकींना चिकटून असलेल्या दोघी होत्या, एक गेली. दुसरी पहिले काही दिवस सवयीनं शेजारच्या खुर्चीवर बॅग ठेवायची, जागा अडवल्यासारखी. मग एक दिवस एक नवीन मुलगी तिथे येऊन म्हणाली इथे कोणी आहे का, आणि तिनं बॅग उचलली. दोघी अजून एकत्र बसतात. नवीन मुलं नेहमी मोठ्या हसऱ्या घोळक्याकडे बघून खट्टू होतात, त्यांनी बॅग ठेवलेल्या खुर्च्या शोधायला हव्यात.

नावाबद्दल, तुम्हाला क्षुल्लक वाटेल. नावात ळ, ज्ञ किंवा ऋ असेल तर हजेरीला पहिल्या दिवशी त्याचा चुराडा होणार हे नक्की. बरीच मुलं लाजून म्हणतात चालेल मिस, काहीही म्हणा, आणि मग तेच काहीही बारावीपर्यंत चिकटतं. तिला घरी सराव द्या, नाव हळू, तोडून, दोनदा सांगायचं. एकदा दुरुस्त केलं तर कोणालाही राग येत नाही, आम्हा शिक्षकांना उलट बरं वाटतं.

कॉपीबाबत पहिल्याच आठवड्यात एक फॉर्म सही करून घेतात, तो न वाचता सही करू नका. नेटवरून परिच्छेद उचलणं ही जी निरागस सवय असते ती इथे महागात पडते. एआयवर आयबीनं सरसकट बंदी घातली नाहीये, २०२३ मध्येच तसं सांगितलंय, पण वापरलं तर कुठे वापरलं ते लिहायचं आणि त्याचं काम स्वतःचं म्हणून द्यायचं नाही.

कोणी अकरावीत, म्हणजे आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला जाणारं मूल घेऊन हे वाचत असेल तर त्यांचा हिशोब वेगळा आहे, तिथे सहा विषय, त्यातले साधारण तीन हायर लेव्हलला, म्हणजे जास्त खोलात, बाकीचे स्टँडर्डला, हायरला शिकवण्याचे २४० तास आणि स्टँडर्डला १५०, आणि विषय किंवा लेव्हल बदलायची मुभा शाळा सहसा सुरुवातीचे थोडेच आठवडे देते. ती तारीख पहिल्याच दिवशी कोऑर्डिनेटरला विचारून घ्या.

शेवटचं, शिक्षकांना ईमेल तिनंच लिहायचा. तुम्ही वाचून बघा हवं तर, पण पाठवायचा तिनं, दोन ओळींचा, ‘मला निकष बी मधलं हे कळलं नाही, उद्या जेवणाच्या सुट्टीत भेटू का?’ असा. बोलायला बुजणाऱ्या मुलांना हा मार्ग फार सोपा पडतो आणि असा मेल आला की मी तरी माझा डबा बाजूला ठेवून थांबते.

आणि दुसऱ्या आठवड्यात ती रोज दप्तर भरभरून घरी आणायला लागली तर लॉकरचं विचारा.