सीव्ही किती पानांचा हवा?

प्रश्न: ताई नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, बी.कॉम. आहे, अकाउंट्समध्ये साधारण १२ वर्षं काढलीत, मध्ये मुलीच्या वेळी २ वर्षं घरी होते. आता अंधेरी साइडला जॉब शोधतेय. माझा सीव्ही ४ पानांचा झालाय. भाचा म्हणतो एकच पान ठेव, क्लासच्या मॅडम म्हणतात एवढा अनुभव आहे तर तो दिसायला नको का. एका पानात बसवायला फॉन्ट ८ केला तर मलाच वाचता येईना. नक्की काय करू?

उत्तर: दोन पानं ठेवा. भाच्याचं त्याच्यापुरतं बरोबर आहे, नुकतंच कॉलेज संपलेल्या मुलाला एक पान पुरतं, उगाच ताणून दोन केली की मोकळी जागाच दिसते. पण १२ वर्षांचं काम एका पानात कोंबायचं म्हणजे नेमकं जे सांगायचं तेच कापलं जातं. आणि फॉन्ट १० च्या खाली नेऊच नका, समोरचा माणूस बरेचदा मोबाइलवरच फाइल उघडतो.

आता ४ ची २ कशी करायची? आधी शेवटचं पान बघा. वडिलांचं नाव, मॅरिटल स्टेटस, धर्म, हॉबीज आणि सगळ्यात खाली 'वरील माहिती खरी आहे' वालं डिक्लेरेशन, हे सगळं आपल्याकडच्या जुन्या बायोडेटातून तसंच चालत आलंय, प्रायव्हेट जॉबसाठी यातलं काहीही लागत नाही. आधार आणि पॅन नंबर असतील तर आजच काढा, सीव्ही कुठेकुठे फॉरवर्ड होतो त्याचा पत्ता लागत नाही. बिल्डिंगचं नाव, फ्लॅट नंबरही नको, फक्त 'डोंबिवली (पूर्व)' लिहा, मुंबईत राहायला कुठे हे विचारतातच. दहावी-बारावीचे टक्केही आता नकोत.

मग खरं काम. तुमच्यासारख्यांच्या सीव्हीत मला नेहमी दिसतं ते असं, की प्रत्येक कंपनीखाली तेच, व्हाउचर एंट्री, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटी, टीडीएस. तीन कंपन्या तर तीनदा तेच, पानं त्यानेच वाढतात आणि वाचणाऱ्याला कळत काहीच नाही. त्याऐवजी आत्ताच्या नोकरीबद्दल सविस्तर लिहा: जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न्स तुम्ही स्वतः भरता की फक्त डेटा काढून सीएकडे पाठवता, २बी मॅचिंग (सप्लायरनी दाखवलेल्या बिलांशी आपली खरेदी जुळवणं) कोण करतं, टीडीएसची तिमाही रिटर्न्स तुमच्याकडे आहेत का, किती ब्रँचेस किंवा किती जीएसटी नंबर सांभाळता, ऑडिटच्या वेळी ऑडिटरसमोर तुम्ही बसता का. 'जीएसटीचं काम' या दोन शब्दांत हे काहीच येत नाही, आणि पगार ठरतो तो यावरच! एक्सेलचंही तसंच, 'एक्सेल येतं' सगळेच लिहितात, तुम्हाला व्हीलुकअप आणि पिव्होट येत असेल तर तसं लिहा.

जुन्या नोकऱ्या मात्र आखडत्या घ्या. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला, त्याच्या आधी व्हॅट, सर्व्हिस टॅक्सचं जे केलं त्याला एक ओळ पुष्कळ झाली, कंपनीचं नाव, हुद्दा आणि महिना-वर्ष.

आणि ती २ वर्षं लपवू नका हो. नुसती वर्षं लिहून, महिने गाळून गॅप झाकायचा प्रयत्न करतात, इंटरव्ह्यूत लगेच लक्षात येतं आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतात. 'मुलीच्या संगोपनासाठी ब्रेक' आणि पुढे महिना-वर्ष, एवढंच. मूल वाढवायला घरी राहिलात, यात खाली मान घालण्यासारखं काय आहे?

इंटरनेटवरची दोन कॉलमवाली, आयकॉनवाली रंगीत टेम्प्लेट घेऊ नका. जॉब पोर्टलवर अपलोड केलं की सॉफ्टवेअर आधी त्यातला मजकूर ओढून घेतं आणि अशा डिझाइनमध्ये बरेचदा एका कॉलमचं दुसऱ्यात मिसळतं. वर्डमध्ये साधं सरळ टाइप करा, पीडीएफ करा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या, 'न्यू फायनल २' नको.

प्रश्न: मी कलिनाला पीएचडी करतोय. माझा सीव्ही ६ पानांचा आहे, हाच नियम मलाही लागू का?

उत्तर: कॉलेजात किंवा रिसर्चसाठी अर्ज करत असाल तर नाही. तिथे पेपर्स, कॉन्फरन्स, शिकवण्याचा अनुभव सगळं सविस्तरच हवं असतं, ६ पानं चालतील. पण जाहिरातीत ठरावीक फॉर्म दिला असेल तर तोच भरा. एमपीएससीसारख्या परीक्षांना तर ऑनलाइन अर्जच असतो, तिथे पानांचा प्रश्नच नाही. कंपनीत जायचं असेल तर मात्र वेगळा, दोन पानांचा बनवा, पेपर्सची पूर्ण यादी काढून त्या कामाशी जुळणारे दोन-तीनच ठेवा, आणि डेटा हाताळणं, सॉफ्टवेअर, प्रोजेक्ट वेळेत संपवणं हे वर आणा.