वस्तीतल्या मुलांसाठी शाळेनंतरचा वर्ग आणि उन्हाळी शिबिर सुरू करायचं आहे. पैसा, प्रशिक्षण आणि साहित्य कुठून मिळेल?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी: तालुक्याचं गाव, वस्तीत पहिली ते सातवीची तीसेक मुलं, संध्याकाळी रिकामं असणारं समाजमंदिर, शिकवायला तयार असलेली बारावी झालेली एक मुलगी आणि हौसेने मदत करणारे शाळेतले एक गुरुजी. तुम्ही विचारलंय की सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या पैशासाठी, अर्ज कुठे करायचा, ट्रेनिंग कोण देतं, मे महिन्यात शिबिर घ्यावं का आणि गुरुजींना मानधन द्यावं का. मी अशाच वर्गांचं काम बघते, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

सीएसआरचा नाद सध्या सोडा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. गावाजवळ एमआयडीसी असली की सगळ्यांना वाटतं, पैसा शेजारीच आहे, फक्त भेटायचा अवकाश. पण कंपनीला तो बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा असेल तर ती संस्था नोंदलेली हवी, १२-ए आणि ८०-जी (संस्थेला आणि देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणाऱ्या नोंदण्या) हवं, सरकारकडे नोंदीचा सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे आज नोंदणी केलीत तरी पहिली तीन वर्षं दुसऱ्याच पैशावर काढायची आहेत. परदेशी देणग्यांचं तर नावच नको. एफसीआरए नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

तेव्हा आधी कागद-पेन घेऊन हिशोब मांडा. तीस मुलं, एक ताई, संध्याकाळचे दोन तास. ताईला महिना ७,००० धरले तर वर्षाचे ८४,०००. खाऊ दहा रुपयांचा धरला तर ३० मुलं गुणिले २२ दिवस, महिन्याला ६,६०० आणि शाळेच्या दहा महिन्यांचे ६६,०००. बघा, खाऊ ताईच्या मानधनाच्या जवळपास जाऊन बसतो, आणि हे नव्याने वर्ग काढणाऱ्या बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. साहित्याला १५,०००, शिबिराला २०,०००. एकूण १,८५,०००, म्हणजे महिन्याला पंधरा-साडेपंधरा हजार. महिन्याला पाचशे रुपये देणारी तीस-एकतीस माणसं जमली की वर्ग चालला. तालुक्याच्या गावात डॉक्टर, मेडिकलवाले, निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं आणि पुण्या-मुंबईला नोकरी करणारी गावची पोरं मिळून एवढी माणसं निघतात. खाऊचा भार तर सहज हलका होतो. वाढदिवसाला केळी, गूळ-शेंगदाणे, उकडलेले हरभरे द्या म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

खरी अडचण ताईच्या मानधनाची. लोकांना वस्तू द्यायला आवडतं. जून उजाडला की दप्तरं, वह्या, कंपासपेट्या घेऊन मंडळं, क्लब, पुढारी सगळे हजर. एकाच मुलाच्या घरी तीन-तीन ठिकाणच्या दोनशेपानी वह्या पडलेल्या असतात, प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर वेगळा हसरा फोटो. आणि नोव्हेंबरमध्ये ताईला दोन महिने मानधन मिळालेलं नसतं. मग तिला कापडाच्या दुकानात नोकरी लागते आणि वर्ग बंद पडतो. मी आजवर बंद पडलेले जेवढे वर्ग बघितले, त्यातले बहुतेक असेच गेले. फळा नव्हता म्हणून बंद पडलेला एकही माहीत नाही. म्हणून देणगी मागताना वही मागू नका. 'एका संध्याकाळचं मानधन' मागा. ७,००० भागिले २२, साधारण ३२० रुपये. रोटरी किंवा लायन्स क्लबने काही विचारलं तर त्यांनाही हाच आकडा सांगा. बॅनर लावू द्या हवं तर.

पुढेमागे सीएसआरचा प्रस्ताव लिहायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही' असं सांगून ताईचं मानधन कापायला लावणारी माणसं भेटतील. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभाराला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. शिकवणाऱ्या माणसाचं मानधन हा कार्यक्रमाचाच खर्च आहे आणि तो त्याच रकान्यात लिहायचा.

सरकारी पैशाचं म्हणाल तर आमदार-खासदार निधीतून खोली, शेड अशी टिकाऊ कामं होतात, मानधन निघत नाही. वस्ती ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर मात्र एक दार जरूर ठोठवा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते मार्चअखेरीला घाईघाईने कशावर तरी उडवले जातात. ग्रामपंचायतीचा 'आमचं गाव, आमचा विकास' हा विकास आराखडा तयार होत असताना ग्रामसभेत वर्गाचा विषय मांडून ठरावात घ्या. सरपंचांना खासगीत भेटून 'बघू' ऐकण्यापेक्षा इतिवृत्तात एक ओळ आलेली बरी. ग्रामसेवकालाही कागद दाखवता येतो.

नोंदणीची घाई करू नका. महाराष्ट्रात संस्था म्हणून नोंदायला किमान सात माणसं लागतात, धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या होतात, पुढे दरवर्षी ऑडिट. सुरुवातीला एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली या. माझी पहिली पसंती गावातल्या मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालयाला. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या या वाचनालयांना बालविभाग चालवायचा असतो, पण मुलं येत नाहीत. तुमच्याकडे मुलं आहेत, त्यांच्याकडे खोली, पुस्तकं आणि पावतीपुस्तक. त्यांच्याकडे ८०-जी असेल तर उत्तमच, फक्त २,०००च्या वरची देणगी रोखीत घेऊ नका, देणाऱ्याला त्यावर सवलत मिळत नाही. आणि कुठल्याही नोंदणीशिवाय, स्वतःच्या फोन-पेवर, 'मुलांसाठी' म्हणून गावभर वर्गणी गोळा करायची नाही. गणेश मंडळांना धर्मादायची परवानगी लागते ती उगीच नाही. शिवाय गाव दोन महिन्यांत हिशोब विचारतं आणि विचारायलाच हवा.

आता प्रशिक्षण. ताई बारावी झाली आहे म्हणून बिचकू नका. डी.एड. झालेल्यांपेक्षा वस्तीतलीच मुलगी जास्त टिकते. पण तिला तयार करावं लागतं. पहिल्यांदा तिला एक चालता वर्ग आठवडाभर नुसता बघू द्या. पुण्यात कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीत पालकनीती परिवाराचं 'खेळघर' १९९६ पासून चालू आहे आणि ते हेच काम करतं, शाळा सुटल्यानंतरचं. इतर कार्यकर्त्यांसाठी त्यांची प्रशिक्षणंही होतात. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे गावी निलेश निमकरांची 'क्वेस्ट' ही संस्था आहे. मराठीतून वाचन-लेखन कसं शिकवावं यावर त्यांच्याइतकं बारकाईने काम केलेली माणसं थोडी. पुण्यात सारसबागेजवळचं गरवारे बालभवन खेळ, गाणी आणि हस्तकला यांसाठी बघून यावं. एकाच ठिकाणी पाठवायचं असेल तर खेळघरात पाठवा. तिथल्या अडचणी तुमच्यासारख्याच आहेत: पाहुणे आले म्हणून न येणारी मुलं, शिव्या, मारामाऱ्या, बापाचं पिणं. या सगळ्याला तोंड देत गोष्टीचं पुस्तक कसं उघडायचं, हे कुठल्या पदविकेत शिकवत नाहीत.

वर्गाच्या पहिल्या आठवड्यात इयत्ता विसरा आणि पातळी बघा. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणात मुलांचं वाचन तपासतात, ते वाचनाचं साधन मोफत मिळतं: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला बाजूला घेऊन वाचायला द्यायचं, इतरांसमोर नाही. पाचवीची एखादी मुलगी भाषेच्या पुस्तकातला धडा खडाखडा वाचून दाखवते, आणि 'असर'च्या कागदावरच्या चार ओळींच्या परिच्छेदावर येऊन थांबते. धडा तिला पाठ असतो. बोट ओळीवरून पुढे सरकतं, तोंडातून मात्र भलताच शब्द येतो. अशी मुलगी शाळेत पाच वर्षं कुणाच्या नजरेस येत नाही, तुमच्या वर्गात पाच मिनिटांत येते. मग पाचवीची आणि तिसरीची मुलं एकाच गटात बसतील, बसू द्या. पालक कुरकुरतील, गृहपाठ का घेत नाही म्हणतील. गृहपाठाला शेवटची वीस मिनिटं ठेवा, त्यांचंही समाधान होतं.

माणसं कमी पडतील. जवळच्या कॉलेजच्या एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) अधिकाऱ्यांना भेटा. त्यांच्या मुलांना वर्षाला १२० तासांचं काम भरायचं असतं आणि सात दिवसांचं निवासी शिबिरही असतं. समाजकार्य महाविद्यालय जवळ असेल तर एमएसडब्ल्यूची मुलं क्षेत्रकार्यासाठी आठवड्यातले ठरावीक दिवस येतात आणि त्यांच्यावर त्यांच्या शिक्षकांची देखरेखही असते. पण ही मदतीची माणसं. परीक्षा आली की ती जाणार, तेव्हा वर्ग ताईवरच उभा राहायला हवा.

साहित्याची फार चिंता करू नका, हल्ली फुकट आणि चांगलं बरंच आहे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, छापूनही घेता येतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी आणि मराठी पुस्तकं आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं अजूनही स्वस्त मिळतात. पैसे खर्च करायचेच असतील तर पुस्तकांवर करा आणि ती कपाटात कुलूपबंद ठेवू नका. दोरीला टांगा, फाटू द्या. टॅब, प्रोजेक्टर कुणी देऊ केला तर आधी विचारा की बिघडल्यावर दुरुस्ती कोण करणार.

शिबिराबद्दल. भर मे महिन्यात वस्ती अर्धी रिकामी होते. लग्नं, मामाचं गाव, विटभट्टी. माझ्या मते शाळा सुटल्यावर लगेचचा आठवडा किंवा जूनमध्ये शाळा उघडण्याआधीचे आठ-दहा दिवस घ्या. तुम्ही विदर्भात असाल तर शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, तुम्हाला जास्त दिवस मिळतात. वेळ सकाळी साडेसात ते दहा, त्यापुढे नाही. पत्र्याच्या समाजमंदिरात अकरा वाजता मुलं करपतात. वीस-तीस रुपये फी जरूर घ्या, पैसे भरले की आया मुलांना उठवून पाठवतात. शिबिरात अभ्यास नको: नाटक, मातीकाम, परिसरातल्या झाडांची यादी, एक दिवस पोस्ट ऑफिस नाहीतर एसटी डेपो. या दिवसांत येणारी नवी मुलं जूनमध्ये वर्गाला लागतात, शिबिराचा खरा उपयोग तोच.

सुरक्षिततेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी हवी आणि दार उघडं हवं. लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. 'आधी घरच्यांशी बोलू, मिटवू' असं कुणीही म्हटलं तरी. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहून ठेवा. देणगीदारांना फोटो पाठवायचे तर पालकांची लेखी परवानगी घ्या, शक्यतो पाठमोरे काढा. बारा-तेरा वर्षांच्या मुली गळायला लागल्या तर वेळ तपासा. बहुधा पाणी भरायची नाहीतर भाकऱ्यांची वेळ आणि वर्गाची वेळ एक झालेली असते. कडेवरचं धाकटं भावंड घेऊन येऊ दिलं तरी त्यांच्यातल्या बऱ्याच जणी परत येतात.

राहिला गुरुजींचा प्रश्न. मानधन देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ने शिक्षकांना खासगी शिकवणीची बंदी आहे, आणि पैसे घेतले की कुणी तरी तक्रार करतंच. त्यांना शनिवारी ताईसोबत बसून पुढच्या आठवड्याचं नियोजन करून द्यायला सांगा, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वर्गाचा विषय त्यांनाच मांडू द्या. पावसाळ्यात समाजमंदिर गळायला लागलं की संध्याकाळी शाळेची एक खोली लागणार आहे, तिचा ठराव तिथेच होतो.