जुनी चार तारांची बास गिटार मिळाली आहे. तिच्यासाठी स्पीकरची पेटी घरी बनवावी की तयार घ्यावी? १५ इंची स्पीकर पुरेल का?

बनवा. पण पेटी म्हणजे स्पीकर अडकवायचा नुसता खोका, असं वाटत असेल तर नका बनवू. या एका मुद्द्यावर माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं कित्येक वर्षं वाजलेलं आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

दादा बँडमध्ये लीड गिटार वाजवायचा, मी बास. माझी बास माझ्याआधी दोघांच्या हातून गेलेली. गळा जाड, फ्रेट झिजून चपटे झालेले, ब्रिजवरच्या, म्हणजे तारांचं खालचं टोक जिथे टेकतं त्या भागावरच्या, पत्र्याच्या झाकणाखाली स्पंजची पट्टी. ती पट्टी कुणी मागाहून कोंबलेली नव्हती. नाद लांबू नये म्हणून त्या काळच्या बऱ्याच बास कारखान्यातूनच तशा यायच्या. तारा फ्लॅटवाऊंड, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत, आणि मी त्या तुटेपर्यंत बदलत नसे. मोटाउनच्या गाण्यांवर बास वाजवणारा जेम्स जेमर्सनही त्याच्या १९६२च्या फेंडर प्रिसिजन बासवर असंच करायचा, हे कळल्यावर तर मी ठामच झालो. त्या बासमधून सूर यायचा तो गोल, आखूड आणि जड. आजच्या चकचकीत तारांवर तो काढून दाखवा.

तिच्यासाठी मी पहिली पेटी बनवली. १५ इंची स्पीकर, १८ मिलिमीटरचा प्लाय, आत साधारण ९० लिटर हवा. पुढच्या फळीत १० सेंटीमीटर व्यासाचं भोक पाडलं. का, तर पाहिलेल्या पेट्यांना भोक होतं. नळी बसवली नाही, हिशेब केला नाही. तरी ती पेटी कित्येक वर्षं चालली, आणि इथेच मी फसलो.

एका कार्यक्रमाला पाच तारांची बास लागणार होती, ती उसनी आणली. नव्या कोऱ्या तारा. खालच्या बी तारेवर दोन गाणी झाली आणि पेटीतून टक् टक् आवाज यायला लागला, मग खरखर, मग काहीच नाही. कॉइल, म्हणजे स्पीकरच्या कागदाला मागून हलवणारं तारेचं वेटोळं, मागच्या लोखंडावर आपटून वाकली होती. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "घरच्या पेटीचं हेच होणार. बासला १८ इंचीच लागतो, मी आधीपासून सांगतोय."

दोन्ही वाक्यं चूक होती. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, आता येतं. पेटीतली हवा ही स्प्रिंग आणि भोकातली हवा हे तिच्यावरचं वजन. दोघांची मिळून एक स्वतःची कंपनसंख्या ठरते. माझ्या मापांची ती ५० हर्ट्झच्या आसपास निघते. त्या सुराजवळ स्पीकरचा कागद जेमतेम हलतो, काम भोकातली हवा करते. त्याच्या बरंच खाली गेलात की हवा भोकातून नुसती आतबाहेर करते, कागदाला मागून आधारच राहत नाही आणि तो वाटेल तेवढा धावतो. पाच तारांच्या बासचा खालचा बी ३१ हर्ट्झचा. ॲम्पचे वॅट स्पीकरच्या वॅटपेक्षा कमीच होते. स्पीकर जळून मेला नाही, धावून मेला. वॅटचा आकडा तापण्याची मर्यादा सांगतो, धावण्याची सांगत नाही.

मग जुन्या बासवर एवढी वर्षं कशी चालली? तिचा खालचा ई ४१ हर्ट्झचा, म्हणजे तोही ५०च्या खालीच. पण बासच्या त्या सुरात मूळ ४१पेक्षा त्याच्या दुपटीचा, ८२चा, भाग बहुतेक वेळा मोठा असतो, आणि माझ्या बासवर स्पंजमुळे तोही पटकन विरायचा. त्या गिटारने माझी चूक सांभाळून घेतली होती.

कॉइल आणि कागद बदलून घेतला. भोक प्लायच्या तुकड्याने, खाली फोमची पट्टी घालून, बुजवलं. जॅकच्या पत्रीमागची आणि कोपऱ्यांची फटही बंद केली. आता आतली हवा कागदाला मागून धरून ठेवते. आवाजाची खोली, म्हणजे तो किती खाली उतरतो ते, थोडी कमी झाली, पण प्रत्येक सूर सुटा ऐकू यायला लागला. दादा म्हणाला, "बास कमी झाला." कमी झाला तो गडगडाट. गडगडाटालाच बास म्हणणारे लोक ड्रमच्या शेजारी उभे राहून बास ऐकतात, आणि त्यांचं मत मी घेत नाही.

१८ इंचीचं म्हणाल, तर अँपेग कंपनीची १९६९ची बाससाठीची एसव्हीटी आठवा. ३०० वॅटचा ॲम्प, आणि त्याच्या बंद पेटीत १० इंची आठ स्पीकर. आवाजाची खोली पेटीचे लिटर आणि स्पीकरचे गुणधर्म मिळून ठरवतात, कागदाचा व्यास एकटा ठरवत नाही. थील या अभियंत्यांनी ऑस्ट्रेलियात १९६१मध्ये हे गणित मांडलं, पुढे स्मॉल यांनी ते वाढवलं. एफएस (स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या), क्यूटीएस (हललेला कागद किती लवकर आवरला जातो) आणि व्हीएएस (कागदाच्या टांगणीइतकीच लवचीक हवा किती लिटर) हे आकडे त्यातलेच. जो स्पीकर हे आकडे देत नाही तो घेऊ नका. लहान पेटी, खोल सूर आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन निवडा.

तर १५ इंची पुरेल. बंद पेटीला वॅट जास्त लागतात, हे मात्र धरून चाला. भुशाचा बोर्ड वापरू नका, स्क्रूपाशी फुटतो आणि ओल लागली की फुगतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, तेवढं तुमच्या ॲम्पला चालतं का ते आधी पाहा. आणि जुनी आहे म्हणून बास चांगलीच असेल असं नाही. ट्रस रॉड, म्हणजे गळा सरळ ठेवणारी आतली सळई, फिरत नसेल आणि गळा वाकला असेल, तर पेटीचा खर्च आत्ता करू नका.

तुमच्याकडे स्पीकर आधीच असेल तर त्याचे तीन आकडे लिहा, लिटर मी काढून देतो.