ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे एकदम पाठवावेत की दोनदा?

सिडकोतल्या एका ताईंची मुलगी जर्मनीत एमएस करायला निघाली आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे खर्चाची सोय आहे हे दाखवायच्या आणि दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे आहेत. निम्मे पैसे हाताशी आहेत. उरलेले सहा लाख नागरी बँकेच्या एफडीत अडकलेत, तिची मुदत तीन महिन्यांनी संपते. ताई विचारतात, निम्मे आत्ता आणि निम्मे नंतर पाठवू का? शिवाय तिकडून आलेला बीआयसी, म्हणजे तिथल्या बँकेचा कोड, आठच अक्षरांचा आहे, आपला आयएफएससी अकरांचा. मग तीन अक्षरं लिहायची राहिली का?

ताई, एफडी मोडा आणि एकदम पाठवा. मुदतीआधी मोडल्याबद्दल एक टक्का व्याज कमी धरलं, तरी सहा लाखांवर वर्षाला सहा हजारच जातात. पूर्ण रक्कम पोचल्याशिवाय खात्याचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याविना व्हिसा अडतो. दोनदा पाठवलंत तर चार्जेसही दोनदा.

अक्षरं राहिलेली नाहीत. बीआयसी म्हणजेच स्विफ्ट कोड, परदेशी पैसे पाठवताना बँक ओळखायचा. पहिली चार अक्षरं बँकेची, पुढची दोन देशाची, जर्मनी म्हणजे डीई, नंतरची दोन ठिकाणाची. शेवटची तीन शाखेची, ती नसली तरी चालतं. आयएफएससी फक्त भारतात चालतो. जर्मनीला पैसे यजमानांच्या पेन्शनच्या खात्यातून जातील; नागरी बँकेतून त्या खात्यात आरटीजीएस कराल तेव्हा तो लागेल. पेन्शनवाल्या बँकेत आधी विचारा, परदेशी व्यवहार कुठल्या शाखेतून होतात. प्रत्येक शाखेत ते होत नाहीत.

परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरताना घाई नको. जर्मन आयबीएएन, म्हणजे तिकडचा खाते क्रमांक, अक्षरं-आकडे मिळून २२ जागांचा असतो, डीईनंतर सगळे आकडेच. त्यात पडताळणीचे दोन आकडे असतात, त्यामुळे हुकलेला अंक बहुधा पकडला जातो. बीआयसीत तशी सोय नाही, म्हणून तो मुलीकडून पीडीएफमध्ये मागवा आणि एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा.

चार्जेसच्या रकान्यात ‘अवर’, म्हणजे सगळे चार्जेस आपल्याकडून, असं लिहायला सांगा. माझ्याकडच्या एका जोडप्याने ‘शेअर्ड’वर, म्हणजे चार्जेस दोन्हीकडे वाटून, सही केली. मधल्या बँकेने वीसेक युरो कापले, रक्कम तेवढ्याने कमी भरली. तेवढ्यासाठी पुन्हा सगळे सोपस्कार, आणि पोरीचा जीव टांगणीला.

वर्षात दहा लाखांवर गेलेल्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापेल. तो यजमानांच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वळता होतो. पैसे निघाले की शाखेकडून स्विफ्ट मेसेजची, म्हणजे पैसे पाठवल्याच्या पुराव्याची, प्रत घ्या आणि त्याच दिवशी मुलीला पाठवा.