अ‍ॅलेग्रोग्राफवर जावातून लिस्प चालवताना

अ‍ॅलेग्रोग्राफ हा ग्राफ डेटाबेस, आणि त्याच्या सर्व्हरवर लिस्प या भाषेतला कोड जावा प्रोग्रॅममधून चालवता येतो. आधी परवानगी तपास. सर्व्हरवर कोड चालवायचा हक्क, म्हणजे 'इव्हॅल', तुझ्या युजरला दिलेला नसेल तर पुढचं सगळं फुकट. मग कनेक्शनच्या एचटीटीपी क्लायंटवर 'इव्हॅल इन सर्व्हर' ही मेथड आहे, तिला लिस्पचा फॉर्म (कंसात लिहिलेली आज्ञा) स्ट्रिंग म्हणून, म्हणजे मजकूर म्हणून दे. पहिली चाचणी '(+ १ २)' एवढीच, अंक अर्थात इंग्रजी, 1 आणि 2. उत्तर ३ येतं, पण स्ट्रिंग म्हणून. आकडा हवा तर जावात पार्स कर.

नवशिके अडकतात ते अवतरणचिन्हांत. "मडगाव" लिस्पमध्ये स्ट्रिंग हवी असेल तर जावात प्रत्येक दुहेरी चिन्हाआधी बॅकस्लॅश लागतो. एक सुटला की कंपायलर अडवतो, म्हणून लांब कोड वेगळ्या फाइलीत ठेव आणि वाचून पाठव.

वापरकर्त्याने टाइप केलेलं गावाचं नाव थेट या स्ट्रिंगला जोडू नकोस, कधीच नाही! कंसाचा खेळ करून कुणीही तुझ्या सर्व्हरवर हवं ते चालवील.

लिस्पच्या 'डीफन'ने फंक्शन बनवून पुढच्या कॉलमध्ये वापरायचं तर दोन्ही कॉल एकाच सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरशी चालू असलेल्या एकाच सत्रात हवेत. फोंड्यात पावसात वीज गेली आणि क्लायंट बंद पडला, तर सेशन काही वेळाने संपतं. कमिट न केलेलं, म्हणजे डेटाबेसात कायम न केलेलं, जातं आणि फंक्शनही. म्हणून ती व्याख्या पुन्हा जोडणी करणाऱ्या कोडमध्येच ठेव.