कोर्स न करता खान्देशात राहून फॅशन डिझायनर होता येईल का?

होता येतं. तुम्ही लिहिलंय की धुळ्यात राहता, बारावी झाली, पुण्या-मुंबईची फी झेपणारी नाही आणि स्केचेसनी वह्या भरल्यात. मी अमळनेरची. डिप्लोमा माझ्याकडेही नाही, पण घर याच कामावर चालतं.

वह्या थोडे दिवस बाजूला ठेवा आणि जुने कपडे उसवायला घ्या. अंगात नीट बसणारा ब्लाउज शिवण-शिवण सोडवा, तुकड्यांना इस्त्री करा, खाकी कागदावर उतरवून घ्या. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल काप, मागच्यापेक्षा पुढून जास्त खोल का कापतात, टक्सचं, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चुणीचं टोक कुठे थांबतं, हे तेव्हा हाताला कळतं. वाटीसारख्या कापाचा कटोरी ब्लाउज मी असाच शिकले. नंतर तोच कागद मांजरपाटावर, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडावर बेतायचा आणि ते कच्चं शिवून अंगावर घालून पाहायचं. महागाच्या कापडाला त्याआधी कात्री लावायची नाही.

हिंदी सिनेमाचे डिझायनर मनीष मल्होत्रांनीही फॅशनचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. बुटीकमध्ये काम करत शिकले आणि १९९५ च्या ‘रंगीला’च्या कपड्यांसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. त्यातलं बुटीक मला फार महत्त्वाचं वाटतं. तुम्हीही एखाद्या टेलर मास्तरांकडे बसा. काज-बटण, पिको-फॉल, मिळेल ते करा. माप देताना बाई काय सांगते आणि ट्रायलला काय म्हणते, ते दुकानातच ऐकायला मिळतं.

कापडाला सुरत जवळ आहे, पण सुरुवातीला तागे भरू नका, ऑर्डरपुरतंच आणा.

आता आपल्याकडचं खास. इथे लग्नं भर उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. नेट नाहीतर वेलवेट, त्याला पॉलिस्टरचं अस्तर, म्हणजे नवरी हळदीलाच घामाघूम. मी मलमलचं अस्तर लावते, तेही आधी भिजवून, आटवून. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि ब्लाउज चुण्या धरतो. नेटच्या बाहीला अस्तर देतच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलींना असे ब्लाउज शिवून दिले आणि त्यांच्या सासरकडून, पार शिरपूर-शहाद्याहून, कामं यायला लागली. शहरातल्या चकचकीत दुकानांना हे सुचत नाही, तुम्हाला सुचेल.

मजुरी मात्र कापड हातात घेण्याआधी सांगा, मावशी असली तरी. निम्मे पैसे तेव्हाच घ्या.